बांधावरचे बोलणे : सावड, शेजार आणि मराठी ग्रामीण गद्य

१

बीड जिल्ह्यातील धर्मापुरी हे गाव इतिहासाच्या अभ्यासकांना परिचित आहे ते तेथील केदारेश्वराच्या चालुक्यकालीन मंदिरामुळे आणि किल्ल्यामुळे. मंदिराच्या शिल्पांवरून त्या काळचा राजाश्रय, धर्मकल्पना आणि कलादृष्टी यांचा अंदाज बांधता येतो. किल्ल्याच्या अवशेषांवरून सत्तेची स्थित्यंतरे कळतात. ज्या काळ्या रानाच्या उत्पन्नावर हे सारे उभे राहिले, ते कसणारी माणसे एकमेकांशी काय आणि कसे बोलत होती, याचा मात्र दगडांत कोठेही मागमूस नाही. दानलेखांत जमीन येते, तिच्या चतुःसीमा येतात, दाता आणि प्रतिग्रहीता येतात. त्या सीमेवर उभे राहून बोलणारे दोन शेजारी येत नाहीत.

ही उणीव केवळ पुराभिलेखांची नाही. ग्रामीण साहित्याच्या मराठी समीक्षेनेही शेतकऱ्यांच्या परस्परसंवादाकडे प्रामुख्याने दोन दृष्टींनी पाहिले आहे. एक दृष्टी बोलीची : शब्दसंपत्ती, उच्चार, म्हणी. दुसरी दृष्टी वातावरणनिर्मितीची : पारावरच्या गप्पा, विनोद, इरसाल नमुने. या दोन्ही दृष्टींत संवाद हा फावल्या वेळाचा व्यवहार ठरतो. वस्तुतः शेतकरी समाजातील शेजाऱ्यांचे बोलणे हा श्रमाच्या देवघेवीचा हिशेब होता. या हिशेबाचा आधार सुटत गेला तसतसे बोलण्याचे स्वरूप पालटले, आणि ग्रामीण गद्याचा इतिहास या पालटाशी जोडून वाचल्याशिवाय पुरता उलगडत नाही. धर्मापुरी, अंबाजोगाई, परळी हा परिसर या दृष्टीने तपासण्याजोगा आहे.

२

एका बैलाचा शेतकरी एकट्याने पेरणी करू शकत नाही. दुसऱ्या एका बैलाच्या शेतकऱ्याशी त्याला जोड जमवावी लागते. या परस्परसाह्याला सावड म्हणतात. एखाद्याचे रान नांगरायचे राहिले तर शेजारीपाजारी आपापली औते घेऊन जातात आणि मालक त्यांना जेवण घालतो, ती इर्जिक. खुरपणी-काढणीसाठी माणसांनी आळीपाळीने एकमेकांच्या रानात राबण्याची रीतही याच कुळातली. या व्यवहारांत पैसा येत नाही, कागद होत नाही. करार होतो तो बोलण्यात, आणि बहुधा उघडपणे न बोलता. मृगाच्या पावसानंतर बांधावर होणारा संवाद साधारणतः असा असतो :

‘रामराम तात्या. खालच्या रानात वाफसा आला म्हणायलेत.’

‘आला खरा. दोन दिसांत पेरावं लागंल. तुमचं कसं?’

‘आमचं काय, एका बैलावर कुठं तिफन चालती.’

‘मंग आमचा हाय की. परवा आमचं उरकू, तेरवा तुमच्याकडं.’

या चार वाक्यांत ‘द्या’ हे क्रियापद नाही, विनंती नाही, आभारही नाहीत. मागणाऱ्याने आपली अडचण हवामानाच्या बातमीआड ठेवली. देणाऱ्याने ती ओळखली आणि देणे म्हणून न सांगता कामाचा क्रम म्हणून सांगितली. दोघांची प्रतिष्ठा राहिली आणि दोन दिवसांच्या पेरणीचे वेळापत्रकही ठरले. आभार मानले म्हणजे देणेघेणे संपल्यासारखे होते. सावडीत ते संपणे अभिप्रेतच नसते. आज तात्यांचे औत आले, उद्या त्यांच्या घरी लग्न निघाले की याची गाडी जाणार असते. पावसापाण्याचे हे बोलणे शहरी वाचकाला निरर्थक वाटते. जाणकाराला त्यातून कोणाचे रान तयार आहे, कोणाचा बैल थकला आहे आणि कोणाचे येणे बाकी आहे, एवढे सगळे कळते.

नात्याची संबोधने याच व्यवस्थेचा भाग होत. तात्या, आबा, मामा, अक्का, मावशी ही नाती रक्ताची असतीलच असे नाही. शेजाऱ्याला नात्यात ओढून घेतले की त्याच्यावर हक्क सांगता येतो आणि त्याच्याशी भांडताही येते. जो बांध बोलण्याची जागा असतो तोच भांडणाचीही असतो. औत चालवताना शेजाऱ्याने बांध कोरला म्हणून पिढ्यान्‌पिढ्या बोलणे बंद पडलेली घरे गावोगावी आढळतात. अबोला ही अशा समाजातील गंभीर शिक्षा असते, कारण अबोल्याबरोबर सावडही थांबते.

या आर्थिक देवघेवीला सणाचे रूप येते ते वेळ अमावस्येला. लातूर-उस्मानाबादकडचा, म्हणजे आजच्या लातूर-धाराशिवकडचा, आणि त्यांना लागून असलेल्या बीडच्या भागातला हा मार्गशीर्षातला सण रानात साजरा होतो. भज्जी, आंबील, बाजरीचे उंडे घेऊन घरेच्या घरे शेतात जातात. ज्याला जमीन नाही त्याला जमीनवाला बोलावतो, वाटसरूलाही जेवल्याशिवाय जाऊ देत नाही. वर्षभर बांधावर उभ्या उभ्या झालेले बोलणे त्या दिवशी बसून होते.

३

मराठीच्या वाङ्मयेतिहासात या बोलण्याची जागा कोठे आहे? धर्मापुरीच्या जवळचे अंबाजोगाई हे मुकुंदराजांचे आणि दासोपंतांचे गाव. ‘विवेकसिंधू’ची परंपरेने मानलेली रचना ११८८ ची, दासोपंतांनी तर कापडाच्या पासोडीवर ग्रंथ लिहिला. हे वाङ्मय तत्त्वविवेचनाचे आहे, आणि त्यातील संवाद गुरुशिष्यांचा आहे. समपातळीवरील दोन माणसांच्या बोलण्याला तेथे अवकाश नाही.

त्याआधी काही शतके महाराष्ट्री प्राकृतातील ‘गाथासप्तशती’त हा अवकाश दिसतो. नांगरधारी गृहस्थ, त्याची बायको, शेजारीण, सखी, आत्या अशी माणसे तेथे एकमेकांना उद्देशून बोलतात. अनेक गाथांचा अर्थ त्या कोण कोणाला सांगत आहे हे कळल्याशिवाय लागत नाही. म्हणून टीकाकारांना बोलणारा आणि ऐकणारा शोधावा लागला. वरच्या बांधावरील संवादासारखीच ही रचना आहे. मुख्य गोष्ट न उच्चारता पोचवायची असते. संस्कृत काव्यशास्त्राने ध्वनीच्या विवेचनात या गाथांची उदाहरणे घेतली, ही बाब या संदर्भात अर्थपूर्ण आहे. ज्याला शास्त्राने काव्याचा आत्मा म्हटले, त्याची रोजची तालीम शेजारात चालत होती.

तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते चक्रधरांच्या सहवासातील माणसांना भेटून, त्यांच्या आठवणी विचारून. मराठीतील हा आद्य गद्यग्रंथ संवादांनी भरलेला आहे, आणि त्यांत रोजच्या व्यवहारातील माणसांची छोटी वाक्ये जशीच्या तशी येतात. मराठी गद्याचा प्रारंभ ऐकलेले बोलणे टिपण्याच्या निष्ठेतून झाला, असे म्हणण्यास येथे आधार आहे.

४

पुढे मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामी राजवट राहिली. अंबाजोगाईचे नाव मोमिनाबाद झाले, कारभाराची भाषा उर्दू झाली. पटवारी, महसूल, दरखास्त, मोंढा हे शब्द शेतकऱ्याच्या बोलण्यात रुळले. कागद एका भाषेत आणि जगणे दुसऱ्या भाषेत, अशा स्थितीत चावडीवर आलेल्या हुकमाचा अर्थ लावण्याचे काम पारावरच्या बोलण्यावर पडले. बोलीतील या शब्दांकडे उसनवारी म्हणून पाहण्यापेक्षा सत्तेची भाषा शेजाराने आपल्या वापरात कशी आणली याचा पुरावा म्हणून पाहणे अधिक उपयुक्त ठरते.

मात्र पार सर्वांचा नव्हता. सावड ही साधारणतः बरोबरीच्या माणसांत होते. बलुतेदाराचे कुणब्याशी नाते वेगळे होते. तेथे बोलणे मागणीचे आणि हुकमाचे असे. महाराकडे निरोप पोचवण्याचे काम होते, पण ज्या पाराचा निरोप तो नेई त्या पारावर तो बसू शकत नव्हता. स्त्रियांचे बोलणेही वेगळ्या जागी होते : आडावर, जात्यावर, खुरपणीच्या पातीवर. हेमा राईरकर आणि गी पॉइतवाँ यांच्या प्रकल्पात एक लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. ओवीतील बाई शेजारणीला, भावाला, आईला उद्देशून बोलते. जे पारावर कधी उच्चारले गेले नाही ते तिने जात्यापाशी सांगितले.

१९७८ मध्ये मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला आणि अनेक गावांत दलितांची घरे जाळली गेली. ज्यांना नात्याच्या नावाने हाक मारली जाई त्यांच्यावर त्याच गावाने हात उचलला. त्याच वर्षी दया पवारांचे ‘बलुतं’ प्रसिद्ध झाले. दलित आत्मकथनांनी गावाच्या संवादाचा दुसरा वृत्तान्त पुढे आणला आणि पारावरच्या गप्पांची रम्यता संशयास्पद ठरवली. शेजाराचा इतिहास लिहिताना हा वृत्तान्त परिशिष्टात टाकता येणार नाही.

५

युरोपच्या पश्चिम टोकावरील आयर्लंडच्या शेतकरी समाजाशी या परिसराची तुलना उद्बोधक ठरते. कॉनरॅड आरेन्सबर्ग या अमेरिकन मानवशास्त्रज्ञाने १९३० नंतरच्या दशकात क्लेअर परगण्यात राहून अभ्यास केला. त्याचा ‘द आयरिश कंट्रीमन’ हा ग्रंथ १९३७ चा. त्यात वर्णिलेली श्रमाची बिनपैशाची अदलाबदल सावडीची आठवण करून देते. त्या गावातील वयस्क शेतकरी रात्री एका ठराविक घरी चुलाणाशी जमत. या बैठकीला लोक थट्टेने ‘डॉइल’, म्हणजे आयर्लंडची संसद, म्हणत. यजमान न्यायाधीशाच्या भूमिकेत असे आणि इतरांच्याही भूमिका ठरलेल्या असत. पेरणीची वेळ, भाव, गावातील तंटे यांवर तेथे मत तयार होई. तरुणांना तेथे स्थान नसे. पाराची अंतर्रचना याहून फार वेगळी नव्हती.

आयरिश लेखकांपुढेही हे बोलणे टिपण्याचा प्रश्न होता. ‘द प्लेबॉय ऑफ द वेस्टर्न वर्ल्ड’च्या १९०७ मधील प्रस्तावनेत जे. एम. सिंगने कबुली दिली आहे की, विक्लोमधील एका जुन्या घरात जमिनीच्या फटीतून खालच्या स्वयंपाकघरातील मुलींचे बोलणे ऐकून त्याला मोठे साह्य झाले. हे ऐकणे वरून होते. व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’चा (१९५५) निवेदक बाहेरून आलेला शाळामास्तर आहे, हे येथे आठवावे. तो सहृदय आहे, पण गावाच्या सावडीत त्याचे औत नाही. रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’त (१९७१) ही स्थिती बदलते. शिंप्याच्या बायकोच्या तोंडून, मराठवाडी बोलीत येणारे ते निवेदन शेजाऱ्यांच्या बोलण्याच्या आतून येते. शेजार कसा आधार देतो आणि कसा पाठ फिरवतो हे ती भोगणाऱ्याच्या जागेवरून सांगते. ‘पाचोळा’चे महत्त्व बोलीच्या वापरात आहे, असे म्हणून थांबणे अपुरे आहे. बोलणारी व्यक्ती त्या व्यवहाराचा भाग असणे हे तिचे खरे वेगळेपण होय.

६

तुलनेचा दुसरा धागा स्थलांतराचा आहे. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावरील डोनेगल आणि मेयोमधून स्कॉटलंडला बटाटे काढण्यासाठी मजुरांच्या टोळ्या जात. मुकादमासारखा एक म्होरक्या त्यांना नेई. मुक्काम गोठ्या-पडव्यांत असे. सप्टेंबर १९३७ मध्ये कर्किंटिलॉक येथे अशा एका निवाऱ्याला आग लागून ॲकिल बेटावरचे दहा तरुण मजूर मृत्यू पावले. आरेन्सबर्गचा ग्रंथ याच वर्षीचा. एकीकडे शेजाराच्या स्थैर्याचे चित्र, दुसरीकडे त्याच समाजातून बाहेर पडलेल्या मुलांचा मृत्यू. १९७३ मध्ये ह्यू ब्रॉडीच्या ‘इनिशकिलेन’ने पश्चिम आयर्लंडमधील ओस पडत चाललेल्या गावांची आणि मागे राहिलेल्यांच्या एकाकीपणाची नोंद केली.

बीड जिल्ह्यातून दसऱ्यानंतर ऊसतोडीसाठी पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जाणारी कुटुंबे अशाच मार्गावर आहेत. मुकादमाकडून उचल घेतली जाते. नवराबायकोची जोडी मिळून एक कोयता गणला जातो. पाच-सहा महिने फडाशेजारच्या कोप्यांत निघतात. सावडीचे देणे बोलण्यात फिटत असे. उचलीचे देणे उसाच्या टनांत फिटते, आणि अनेकदा पुढच्या हंगामावर जाते. भाषेतील बदल या जागी स्पष्ट होतो. ‘जोडी’ हा शब्द बैलांसाठी आणि सावडीसाठी होता. फडावर तो नवराबायकोच्या श्रमाचा घटक झाला. माणसाची मोजदाद हत्याराच्या नावाने होऊ लागली. ज्या महिन्यांत खळी होत, हुरडा भाजला जाई, वेळ अमावस्येला रानात पंगती बसत, नेमक्या त्याच महिन्यांत गावात म्हातारी माणसे आणि काही मुले उरतात. ट्रॅक्टरने बैलाची गरज घटवली, रोजंदारीने सावडीची. हंगामी स्थलांतराने बोलायला माणूसच ठेवला नाही.

कोप्यांवरही शेजार असतो. वेगवेगळ्या गावांची माणसे एका ओळीत राहतात, चूल पेटवायला विस्तव मागतात, एकमेकींची मुले सांभाळतात. या बोलण्याला अजून पुरेसे गद्य लाभलेले नाही. आयर्लंडमध्ये १९३५ मध्ये लोकपरंपरा आयोग स्थापन झाला आणि १९३७-३८ मध्ये प्राथमिक शाळांतील मुलांकरवी घरातील वृद्धांचे व शेजाऱ्यांचे बोलणे वह्यांत उतरवून घेण्यात आले. तेव्हा ते जग ओसरू लागले होते. मराठवाड्यात ती वेळ पूर्णपणे टळलेली नाही. सावडीत उभे आयुष्य काढलेली पिढी अद्याप गावांत आहे, आणि कोपीतून परतणारी मुले शाळांच्या पटावर आहेत. धर्मापुरीच्या दगडांनी जे सांभाळले नाही ते या दोन पिढ्यांच्या बोलण्यात आहे. ग्रामीण साहित्याच्या अभ्यासाने त्याची नोंद घेताना ते कोणी, कोणाला, कोणत्या देण्याघेण्याच्या संदर्भात म्हटले, हे प्रथम विचारले पाहिजे. बोलीच्या शब्दसूच्या नंतरही करता येतील.