३ जानेवारीची नऊवारी

२ जानेवारी. रात्रीचे पावणेनऊ. लोकलच्या गर्दीतून सुटून तुम्ही आत्ताच डोंबिवलीच्या घरी पोचलाय. कुकर लावताय तोच फोन वाजतो. सीनियर केजीच्या ग्रुपवर टीचरचा निरोप आहे: 'डिअर पॅरेंट्स, उद्या सावित्रीबाई जयंती. गर्ल्सनी सावित्रीबाई आणि बॉईजनी जोतिबांच्या वेशात यावे. दोन ओळी पाठ करून घ्याव्यात. फोटो काढले जातील.'

खाली भराभर 'ओके टीचर', 'नोटेड टीचर' येतात. ग्रुपमध्ये बाबालोकही आहेत, पण हे काम कुणाच्या अंगावर पडणार हे सगळ्यांना ठाऊक आहे.

तुमच्या पोटात गोळा येतो. आषाढीला लेक रखुमाई झाली, गोकुळाष्टमीला राधा, १५ ऑगस्टला झाशीची राणी, बालदिनाला फुलपाखरू, नाताळला परी. मधेमधे यलो डे आणि ग्रीन डे होतेच. पुढच्या आठवड्यात १२ तारखेला जिजाऊ, मग १९ फेब्रुवारीला शिवजयंती. माळ्यावरच्या पिशवीत चमकीचे पंख आहेत, पुठ्ठ्याची तलवार आहे, एकेकदाच अंगाला लागलेले टोचरे झगे आहेत. खर्च तर आहेच. त्याहून जास्त लागतं ते हे, की दिवसभर राबून आल्यावर लेकीजवळ बसायचा जो एक तास उरतो, तोच नेमका या निरोपात जातो.

ड्रेपरीवाल्याला फोन लावता. छोट्या मापाच्या नऊवाऱ्या संध्याकाळीच गेल्या. शेवटी सासूबाई कपाटातून त्यांची जुनी इरकल काढून देतात. "काप गं. पोरीपेक्षा का साडी मोठी आहे?" म्हणतात, पण साडी हातातून सोडायला त्यांना थोडा वेळ लागतो.

आता कासोट्याचा प्रश्न. शिवून टाकला तर लेकीला शाळेत शूला जाता येणार नाही, नुसता खोचला तर चालताना सुटेल. राणी झाली होती त्या दिवशी ती घरी येईपर्यंत दाबून बसली होती. माप घेता घेता ती तुमच्या मांडीवरच झोपते. ही मुलगी रोज संध्याकाळी तुमची ओढणी डोक्यावर घेऊन टीचर होते, उशांना ओळीत बसवते, त्यांच्यावर रागावते. सोंग घेणं तिला जिवापाड आवडतं. उद्याच्या सोंगात मात्र तिनं निवडलेलं काहीच नाही. कोण व्हायचं ते शाळेनं ठरवलंय, कपडे तुम्ही करायचेत, तिनं उभं राहायचं.

कापलेल्या साडीचा काठ तुमच्या बोटांत आहे. तो घट्ट धरा.

सूत खरखरीत होतं. दिव्याचा पांढरा उजेड जातो आणि डोळ्यांत चुलीचा धूर भरतो. पुणं, १८४८. बुधवार पेठेकडे जाणाऱ्या धुळीच्या वाटेवर तुमच्यापुढे एक मुलगी झपाझप चालली आहे. सतरा वर्षांची. शाळेच्या भिंतीवरच्या तसबिरीतल्या बाई त्या याच, हे उमगायला तुम्हाला जरा वेळ लागतो, इतकी ती कोवळी दिसते. ओट्यावरून कुणीतरी ओरडतं. शेणाचा गोळा येऊन तिच्या पाठीवर बसतो, मागोमाग चिखल. तुमचा हात आपोआप पुढे जातो, पण ती थांबत नाही. मान वळवत नाही.

भिड्यांच्या वाड्यात शिरल्यावर ती पिशवीतून दुसरी साडी काढते. धुतलेली, घडीची. माखलेली उतरवून ठेवते, स्वच्छ नेसते आणि मुलींसमोर जाऊन उभी राहते. परतताना ती हीच माखलेली साडी पुन्हा नेसणार आहे, कारण परतीच्या वाटेवरही तीच माणसं बसलेली असतील.

तुम्ही दाराआड उभ्या आहात आणि तुम्हाला रडू फुटतं. लेकीला पाठ करायला दिलेल्या दोन ओळींत जन्मसाल आहे, गावाचं नाव आहे, ही साडी नाही. बाई रोज दोन साड्या घेऊन शाळेत का जायच्या, एवढं एक विचारलं असतं तरी पाच वर्षांच्या पोरीनं डोळे मोठे करून पुढचं सगळं ऐकलं असतं. त्यासाठी हवी होती वर्गातली दहा मिनिटं आणि एक सांगणारी बाई. नऊवारीची काहीच गरज नव्हती.

पुढे चला. जवळजवळ शंभर वर्षं.

घोलवड स्टेशनवर तुम्ही उतरता तेव्हा वाऱ्याला खारा वास आहे. १९४५ संपत आलंय. समुद्रकाठी सुरूची झाडं, चिकूच्या वाड्या; चालत बोर्डी गाठायची. ताराबाई मोडक इथे ग्राम बाल शिक्षा केंद्र उभं करतायत. भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर त्यांनी बालशिक्षणाचं काम केलं, १९२६ मध्ये नूतन बाल शिक्षण संघ काढला, मग दादरला शिशुविहार चालवलं. शहरातल्या मुलांसाठी जे केलं ते खेड्यातल्या मुलांसाठी का नाही, हा प्रश्न त्यांना इथवर घेऊन आलाय. सोबत अनुताई वाघ आहेत.

इथे थोडं थांबा, घाई करू नका. बालवाडी उघडली, पण गरीब वस्तीतली मुलं येत नाहीत. आया मजुरीला गेलेल्या, धाकटं भावंड थोरल्याच्या कडेवर, अंगावर धड कपडा नाही. शाळेला आईकडे निरोप धाडता आला असता: मुलाला न्हाऊ घालून, नीटनेटकं करून पाठवा. तसं होत नाही. बालवाडीच उठून वस्तीत जाते, अंगणात भरते. बादलीत पाणी येतं, मुलांना आंघोळ घातली जाते, नखं कापली जातात, केसांना तेल लागतं, मग गाणी आणि खेळ. माँटेसरीची महागडी साधनं परवडणारी नाहीत, म्हणून शिंपले, बिया, खडे, पानं हीच साधनं होतात. पुढे १९५७ मध्ये काम कोसबाडच्या टेकडीवर जातं. वारली मुलं गुरं घेऊन रानात जातात, तेव्हा शाळाही त्यांच्यामागे कुरणात जाते.

घराला जे झेपत नव्हतं ते इथे शाळेनं आपल्या अंगावर घेतलं. तुम्ही बादलीशेजारी उभ्या आहात, हातात इरकलीचा कापलेला तुकडा आहे, आणि आपल्याला राग नक्की कशाचा येतो ते तुम्हाला इथे नीट कळतं. शाळेनं करायचं काम घरावर ढकललं जातंय, तेही आदल्या रात्री, आणि त्याला बालशिक्षण म्हटलं जातंय.

आता उलट दिशेनं या. घरावरून पुढे, येत्या जूनमध्ये. शाळेचा हॉल, पहिली पालकसभा. 'आणखी कुणाला काही?' असं हेडमिस्ट्रेस विचारतात आणि तुम्ही उठता. आवाज कापतो, पण बोलता. वर्षभराचे दिवस आजच सांगा. घरून वेश मागू नका; शाळेतच कपड्यांची पेटी ठेवा, मुलांना त्यातून हवं ते घालू द्या. जयंतीला गोष्ट सांगा.

एक आजोबा लगेच हात वर करतात. "नातवाचे फोटो आम्ही गावी पाठवतो. हौस आहे हो." हौस खोटी नाही, तुम्हालाही ती कळते. तेवढ्यात मागच्या रांगेतून एक बाई बोलते. शिक्षणहक्क कायद्यानं ज्या २५ टक्के जागा राखल्या, त्यातून तिचा मुलगा या शाळेत आलाय. "फी माफ आहे. ड्रेसचं भाडं माफ नाही. वेशाचा दिवस असला की मी त्याला ताप आलाय म्हणून कळवते."

हॉलमध्ये कुणी बोलत नाही. मग टीचर स्वतःच म्हणतात, "मलाही वरून संध्याकाळीच कळतं. फोटो पेजवर टाकायचे असतात. वर्गात मी पिनाच लावत बसते, शिकवायला वेळच राहत नाही."

हेडमिस्ट्रेस खडू घेतात. "ठीक आहे, आषाढीपासून सुरू करू. वेश नाही, तर मुलं त्या दिवशी करतील काय?"

"टाळ द्या हातात," तुम्ही म्हणता, "आणि मैदानावर रिंगण धरू द्या. पळू द्या त्यांना."

"आषाढात? चिखलात?" आजोबा विचारतात.

"हो, चिखलात," मागची बाई म्हणते, "गणवेशातच. धुवायला काय, मी येते."