गुत्तेदार जोतीराव

१९ ऑक्टोबर १८८२ रोजी हंटर शिक्षण आयोगाला दिलेल्या निवेदनाखाली जोतीराव फुल्यांनी स्वतःची ओळख काय लिहिली? समाजसुधारक नाही. महात्मा तर नाहीच, ती पदवी मुंबईत लोकांनी १८८८ साली दिली. त्यांनी लिहिलं: व्यापारी, शेतकरी आणि म्युनिसिपल कमिशनर.

किनवटला जयंतीच्या भाषणांत आम्ही शाळा सांगतो, हौद सांगतो, सावित्रीमाई सांगतो. व्यापारी जोतीराव मात्र वगळतो. धंदा हे शेटजींचंच काम, असं आपणच मान्य करून बसलोय की काय!

आपल्या मराठवाड्याच्या बोलीत सांगायचं तर जोतीराव गुत्तेदार होते. पुणे कमर्शियल अँड कॉन्ट्रॅक्टिंग कंपनीचे ते भागीदार. कात्रजचा बोगदा, येरवड्याचा पूल, खडकवासल्याचं धरण या कामांशी त्यांचं नाव जोडलेलं आहे. धातूच्या ओतकामाला लागणारं साहित्यही ते विकत. हा पैसा कुठे गेला, हे सत्यशोधक चळवळीकडे बघितलं की कळतं. आणि नुसता पैसा नव्हे. बांधकामावरचा मजूर कसा नाडला जातो, इंजिनीअर खात्यातले भटजी कारकून काय लबाड्या करतात, हे त्यांनी जवळून पाहिलं आणि लिहून ठेवलं. ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये बंधारे आणि कालव्याच्या पाण्याबद्दल ते इतक्या नेमकेपणाने बोलतात, ते उगाच नाही.

१८७६ ते १८८२ ते पुणे नगरपालिकेचे सदस्य होते. तेही सरकारने नेमलेले. म्हणजे सरकारी कामांचा गुत्तेदार आणि सरकारनियुक्त सदस्य. असा माणूस साहेबापुढे मान हलवेल, असंच कुणालाही वाटेल. पण व्हाइसरॉय लिटन पुण्याला येणार म्हणून नगरपालिकेने स्वागताला हजार रुपये काढले, तेव्हा विरोधात एकटे जोतीराव उभे राहिले. १८८० मध्ये वाढत्या दारूच्या दुकानांविरुद्धही त्यांनी आवाज उठवला.

आज आमच्याकडे क्रम उलटा झालाय. आधी बाबासाहेबांचं नाव घेऊन तिकीट, मग निवडून येणं, मग नाली-रस्त्याचा गुत्ता. बिल ज्याच्या सहीने निघणार त्याच्याविरुद्ध सभागृहात तोंड कोण उघडणार? आम्ही गुत्तेदारीला नावं ठेवत नाही. आपल्या पोरांनी जरूर धंद्यात उतरावं. पण बाबासाहेबांनी ज्यांना गुरू मानलं, ‘शूद्र पूर्वी कोण होते’ हा ग्रंथ ज्यांना अर्पण केला, त्या माणसाचा हिशोबही एकदा तपासावा.

१८८८ मध्ये जोतीरावांना पक्षाघात झाला, उजवा हात गेला. सार्वजनिक सत्यधर्माचं पुस्तक त्यांनी डाव्या हाताने लिहिलं. धरणाच्या कामावर मिळवलेलं तोवर संपलं होतं. १८९० साली मामा परमानंदांना सयाजीराव गायकवाडांकडे पत्र लिहून या गुत्तेदारासाठी मदत मागावी लागली.