रुपेरी खोकडांची गावे

प्रिन्स एडवर्ड आयलंड हा कॅनडाचा सर्वांत लहान प्रांत. क्षेत्रफळ सुमारे ५,६६० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सिंधुदुर्ग जिल्ह्यापेक्षा थोडेसेच जास्त. २०२१ च्या जनगणनेत लोकसंख्या दीड लाखाच्या जराशी वर भरली. मातीत लोहाचे ऑक्साइड असल्याने जमीन गेरूसारखी लाल दिसते. कोकणातल्या माणसाला जांभ्याची आठवण होईल, पण हा जांभा नव्हे. येथला मूळ खडक वालुकाश्म आहे. या लाल जमिनीत बटाटा उत्तम येतो आणि आज बेटाची ओळख बटाट्याचीच आहे. परंतु विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या दोन-तीन दशकांत बेटावरची गावे श्रीमंत केली ती एका केसाळ प्राण्याने.

मिकमॅक हे येथले मूळ रहिवासी. त्यांच्या भाषेत बेटाचे नाव एपेकविट्क, पाण्यावर पहुडलेले. नंतर फ्रेंच आले आणि त्यांच्यानंतर इंग्रज. सॅम्युएल होलंड याने १७६४-६५ मध्ये बेटाची मोजणी करून ६७ तुकडे पाडले आणि १७६७ साली लंडनमध्ये एका दिवसात सोडत काढून ते वाटून टाकले गेले. एकेक तुकडा सुमारे वीस हजार एकरांचा. बहुतेक मालकांनी बेटावर पाऊलही ठेवले नाही. पुढची शंभर वर्षे जमीन कसणारा एक आणि खंड घेणारा समुद्रापलीकडचा दुसरा, असा प्रकार चालला. खोतीच्या गोष्टी ऐकलेल्यांना हे वेगळे सांगायला नको.

राजधानी शार्लटटाउन. कॅनडा हे राष्ट्र घडवण्याची पहिली बैठक १८६४ च्या सप्टेंबरमध्ये येथे झाली. त्याच सुमारास गावात सर्कस आली होती, वीस-एक वर्षांतली पहिलीच. त्यामुळे पाहुण्यांना खोल्या मिळेनात आणि त्यांच्या स्वागताला एक मंत्री लहानशा होडीतून गेला. गंमत अशी की जेथे बैठक झाली ते बेट त्या वेळी संघराज्यात आलेच नाही. पुढे रेल्वे बांधताना तिजोरी रिकामी झाली, तेव्हा १८७३ साली ते कॅनडात सामील झाले. कॅनडाने रेल्वेचे कर्ज उचलले आणि जमीनदारांकडून जमिनी विकत घेण्यासाठी आठ लाख डॉलर देऊ केले. १८७५ च्या कायद्याने कुळे अखेर मालक होऊ लागली.

मालकी मिळाली, पण रोख पैसा कोठून आणायचा? दुसरे मोठे गाव समरसाइड लाकडी जहाजे बांधून वाढले होते. लोखंडी आगबोटी आल्यावर तो धंदा बसला.

बेटाच्या पश्चिम टोकाला टिग्निश आणि आल्बर्टन ही छोटी गावे आहेत. टिग्निशचा चार्ल्स डाल्टन आणि आल्बर्टनजवळचा रॉबर्ट ऊल्टन या दोघांनी १८९० च्या दशकात एक उद्योग आरंभला. आधी शब्दाचा घोळ मिटवू. आपण ज्याला कोल्हा म्हणतो तो इंग्रजीतला जॅकल. फॉक्स म्हणजे खोकड. बेटावर लाल खोकडे मुबलक. क्वचित त्यांच्यात एखादे काळे निघे, केसांच्या टोकांजवळ पांढरा पट्टा असलेले. दुरून ते चंदेरी दिसे, म्हणून त्याला रुपेरी खोकड म्हणत. लंडनच्या लिलावात त्याच्या कातड्याला लाल कातड्याच्या कित्येक पट भाव येई.

खोकड पिंजऱ्यात पाळणे सोपे नाही. ते जमीन उकरून पळते. मादी वर्षातून एकदाच विते आणि त्या काळात तिला त्रास झाला तर पिल्ले मारून टाकते. डाल्टन आणि ऊल्टन यांनी आल्बर्टनजवळच्या एका लहान बेटावर तारेच्या जाळीची कुंपणे घातली. जाळी जमिनीतही खोल पुरली, नरमादीच्या जोड्या स्वतंत्र ठेवल्या आणि आसपास शांतता राखली. मग पिल्ले जगू लागली.

येथे जरा थांबू, कारण पुढचा सारा इतिहास एका जनुकावर फिरतो. या बेटावरच्या खोकडांचा रुपेरी रंग अप्रभावी जनुकामुळे येतो. पिल्लाला तो आई आणि बाप दोघांकडूनही मिळाला तरच अंगावर दिसतो. म्हणून जनुक लपवून बसलेल्या दोन लाल खोकडांच्या पिल्लांत सरासरी चारांत एक रुपेरी निघते. रानात काळे पिल्लू अवचित का दिसे, याचे उत्तर हे. उलट रुपेरी जोडीची सारी पिल्ले रुपेरीच. मेंडेलचे नियम १९०० साली पुन्हा उजेडात आले, पण हे दोघे त्याआधीच रुपेरीशी रुपेरीची जोडी लावत होते. वाटाण्याच्या जोडीला हे उदाहरण वर्गात सांगून पाहावे.

व्यापाराच्या दृष्टीने याचा अर्थ सरळ होता. ज्याच्या हाती एक जिवंत जोडी पडेल, त्याच्या हाती सारा धंदा पडेल. म्हणून त्या दोघांनी आणखी चौघांना घेऊन करार केला: कातडी विकायची, जिवंत जनावर बाहेर द्यायचे नाही. १९१० साली लंडनला त्यांच्या २५ कातड्यांना सरासरी १,३८६ डॉलर मिळाले. शेतमजुराला तेव्हा दिवसाला डॉलरच्या आसपास मजुरी मिळे! असे गुपित किती दिवस टिकणार? सहा जणांपैकी एकाच्या पुतण्याने त्याच सुमारास बाहेर जोड्या विकल्या आणि करार मोडला.

मग बेटाला अक्षरशः वेड लागले. शेते गहाण पडली, कंपन्या निघाल्या आणि न जन्मलेल्या पिल्लांचे सौदे होऊ लागले. १९१३ साली चांगल्या जोडीची किंमत ३५,००० डॉलरपर्यंत चढली. खरेदी करणाऱ्यांपैकी बहुतेकांना कातडी नकोच होती. पुढच्या गिऱ्हाईकाला विकायला त्यांना जोडी हवी होती. ऑगस्ट १९१४ मध्ये युद्ध सुरू झाले, लंडनची बाजारपेठ बंद पडली आणि भाव कोसळले. शेत गहाण टाकून शेअर घेतलेला शेतकरी त्यात भरडला गेला. डाल्टनचे मात्र बरे चालले. पुढे १९३० मध्ये तो प्रांताचा लेफ्टनंट गव्हर्नर झाला.

युद्धानंतर धंदा सावरला आणि त्याचे केंद्र समरसाइडला आले. पैदास करणाऱ्यांच्या राष्ट्रीय संघटनेचे मुख्यालय येथे होते आणि सरकारने १९२५ साली जवळच खोकडांचे प्रायोगिक केंद्र काढले. या पैशातून उभे राहिलेले मोठाले लाकडी बंगले ‘फॉक्स हाउस’ म्हणून ओळखले जातात. १९४० च्या दशकात लांब केसांच्या फरची फॅशन गेली आणि धंदा संपला.

पण जनावरे आधीच दूरदेशी गेली होती. १९२० च्या दशकात सोव्हिएत रशियाने बेटावरची खोकडे नेली. त्यांच्याच वंशजांतून दिमित्री बेल्यायेव आणि ल्युदमिला त्रूत यांनी १९५९ साली नोवोसिबीर्स्कजवळ प्रसिद्ध प्रयोग सुरू केला: प्रत्येक पिढीतली सर्वांत सौम्य पिल्लेच पुढच्या पैदाशीसाठी निवडायची. दहाव्या पिढीत १८ टक्के खोकडे सर्वांत माणसाळलेल्या गटात मोडली. अंगावर पांढरे ठिपकेही दिसू लागले आणि केवळ स्वभावाची निवड केल्याने रानटी प्राण्याचे रूपही पालटते, असे पुस्तकांत छापले गेले.

२०२० साली काही संशोधकांनी बेटाचा जुना इतिहास पुढे करून या निष्कर्षाला हरकत घेतली. ठिपके प्रिन्स एडवर्ड आयलंडच्या पिंजऱ्यांत आधीच माहीत होते आणि १९२० च्या दशकातल्या छायाचित्रांत माणसाजवळ निर्धास्त असलेली खोकडेही दिसतात. म्हणजे सायबेरियात पोहोचलेली खोकडे रानातली नव्हती. त्यांच्यामागे कित्येक पिढ्यांची पैदास होती. स्वभावाची निवड करता येते, हा बेल्यायेवच्या प्रयोगाचा गाभा माझ्या मते त्याने ढळत नाही. मात्र रूप पालटल्याची कथा पाठ्यपुस्तकात देताना आल्बर्टनचे नाव वगळणे आता बरे नाही.

शार्लटटाउनच्या रस्त्यांवर आजही खोकडे निवांत फिरतात. बहुतेक लाल असतात. त्यांच्यात अधूनमधून एखादे काळे दिसते.