प्रेक्षक, नागरिक आणि उत्तम राज्य

प्लेटोने आपल्या आदर्श राज्यातून कवींना हद्दपार केले आणि अ‍ॅरिस्टॉटलने 'पोएटिक्स' लिहून त्यांची बाजू सावरली, हे साहित्याच्या बहुतेक विद्यार्थ्यांना ठाऊक असते. या वादाचा उत्तरार्ध मात्र काव्यशास्त्रात नसून राज्यविचारात आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही.

इ.स.पू. ३९९ मध्ये अथेन्सच्या सामान्य नागरिकांच्या न्यायमंडळाने बहुमताने सॉक्रेटिसला देहदंड दिला. ज्या बहुमताने गुरूचा बळी घेतला, त्यावर प्लेटोचा विश्वास उरला नाही. 'रिपब्लिक'मध्ये त्याने शासक, रक्षक आणि उत्पादक असे तीन वर्ग कल्पिले आणि सत्ता तत्त्वज्ञांच्या हाती सोपवली. प्रत्येकाने आपले काम करावे, दुसऱ्याच्या कामात ढवळाढवळ करू नये, हाच त्याच्या लेखी न्याय होय. उत्तरायुष्यातील 'लॉज'मध्ये तर तो अथेन्सच्या ऱ्हासाचे मूळ नाट्यगृहात शोधतो. पूर्वी जाणकार शांतपणे ऐकत. पुढे गर्दीच्या आरडाओरड्यानेच संगीताचा निवाडा होऊ लागला. आणि संगीतात सर्वज्ञ झालेला प्रेक्षक राज्यकारभारातही स्वतःला सर्वज्ञ समजू लागला. या अवस्थेसाठी त्याने 'प्रेक्षकशाही' अशा अर्थाचा शब्द योजला आहे.

अ‍ॅरिस्टॉटल 'पॉलिटिक्स'च्या तिसऱ्या भागात कलेचाच दाखला घेतो, पण निष्कर्ष उलटा काढतो. संगीत आणि काव्य यांची पारख एकट्यापेक्षा अनेकजण मिळून चांगली करतात. कारण कोणी एक अंग पाहतो, कोणी दुसरे, आणि सारे मिळून संपूर्ण कृती पाहतात. घर कसे आहे, हे बांधणाऱ्याहून त्यात राहणारा अधिक जाणतो. जेवणाची पारख आचाऱ्याहून पाहुणा चांगली करतो. राज्याचेही तसेच.

अर्थात, हे प्रत्येक समूहाला लागू पडेल, असे तो म्हणत नाही. त्याच्या 'अनेकां'त स्त्रिया नाहीत, गुलाम नाहीत. त्याच्या सर्वोत्तम राज्यात तर कारागीर आणि शेतकरीही नागरिक नाहीत. गंमत अशी की, स्टॅगिराहून आलेला अ‍ॅरिस्टॉटल स्वतः अथेन्समध्ये परका रहिवासी होता. तेथील लोकसभेत त्याला मत नव्हते.

प्लेटोची भीती निराधार नव्हती. सॉक्रेटिसचा मृत्यू तिला साक्षी आहे. पण अ‍ॅरिस्टॉटलच्या उत्तरातच तिच्यावरचा उपायही दडलेला आहे. अनेकांचा निवाडा श्रेष्ठ ठरतो, तो त्यांच्या संख्येमुळे नव्हे, तर प्रत्येकजण वेगळे अंग पाहतो म्हणून. सर्वांना एकच अंग दिसू लागले, की त्या गर्दीत माणूस एकच उरतो. साहित्याच्या वर्गालाही हीच कसोटी लावता येईल.