लेकीचा 'क्ष'

शिरूरची घोड नदी पुढे भीमेला मिळते आणि भीमा दौंडजवळून वाहत जाते. या दोन्ही तालुक्यांतली आमची मुले दहावीला रेषीय समीकरणे आणि अंकगणित श्रेढी शिकतात, परीक्षेपुरती सोडवतात आणि विसरतात. या गणिताशी आपले नाते काय, हे त्यांना कुणी सांगत नाही. आम्हीही सांगितले नाही.

विषयाचे मराठी नाव भास्कराचार्यांच्या 'बीजगणित' या ग्रंथाचे. श्रेढीचे प्रकरण त्यांच्या 'लीलावती'त आहे. हे लेखन ११५० च्या सुमाराचे. १५८७ मध्ये अकबराच्या दरबारातल्या फैजीने 'लीलावती' फारसीत आणली. पुढे शाहजहानच्या काळात अताउल्लाह रशीदीने 'बीजगणित' फारसीत नेले. एकमेकांचे ज्ञान घेताना या मंडळींना धर्म आड आला नाही.

'अल्जेब्रा' हे नाव मात्र बगदादचे. खलिफा मामूनच्या काळात, ८२० च्या सुमारास, मुहम्मद इब्न मूसा अल-ख्वारिज्मी यांनी 'अल-जब्र वल-मुकाबला' लिहिले. भारतीय अंकांवरही त्यांनी पुस्तक लिहिले होते. उर्दूत 'जब्र' म्हटले की आपल्याला जुलूम आठवतो. अरबीत मोडलेले हाड सांधणे हाही त्याचा अर्थ आहे. समीकरणात एका बाजूला जे वजा आहे, ते दोन्ही बाजूंत मिळवून तूट भरून काढायची, हा जब्र. दोन्हीकडे सारखे असेल ते उडवायचे, हा मुकाबला.

या ग्रंथाचा मोठा भाग वसियत आणि वारशाच्या वाटणीचा आहे. बाराव्या शतकात ग्रंथ लॅटिनमध्ये गेला, तेव्हा नेमका हाच भाग गळला. त्यात एक मांडणी अशी: बाई वारली, मागे नवरा, एक मुलगा, तीन मुली. मूळ उदाहरणात वसियतही आहे; ती बाजूला ठेवून आपण हिशेब आपल्याकडे आणू. आईच्या नावावर २० गुंठे घरजागा आहे, कर्ज नाही. सूरह निसाप्रमाणे मुले असताना नवऱ्याला पाव हिस्सा, म्हणजे ५ गुंठे. उरले १५. मुलीचा हिस्सा क्ष धरला, तर मुलाचा २क्ष. तीन मुलींचे ३क्ष आणि मुलाचे २क्ष मिळून ५क्ष = १५. म्हणून क्ष = ३. मुलाला ६ गुंठे, प्रत्येक मुलीला ३. बेरीज पुन्हा २०.

गणित इतके सोपे आहे. अवघड जाते ते पुढे. बहिणीला सणाला बोलावतात, शीरखुर्मा होतो आणि मग हक्कसोडपत्राचा कागद पुढे येतो. 'माहेर तुटू नये' म्हणून ती सही करते. तिचा क्ष शून्य होतो आणि भावाच्या ६ गुंठ्यांचे १५ होतात. अल-ख्वारिज्मींचे नाव आपण भाषणांत अभिमानाने घेतो आणि त्यांनी ज्या हिश्शांसाठी एवढी मांडणी केली, ते हिस्से घरातच पुसतो.

आम्हाला वाटते, दहावीच्या वर्गात रेषीय समीकरण शिकवताना हेच उदाहरण फळ्यावर लिहावे. आणि ते सोडवायला एखाद्या मुलीला उठवावे.