पक्षांविना पक्षभेद : कुवेतच्या संसदेची पहिली पिढी

कुवेतमध्ये राजकीय पक्ष स्थापन करण्याची कायदेशीर तरतूद नाही. तरीही १९६३ नंतर तेथील संसदेत गट, मोर्चेबांधणी आणि नेत्यांमधील तीव्र स्पर्धा दिसत आली. कुवेत १९ जून १९६१ रोजी स्वतंत्र झाले, ११ नोव्हेंबर १९६२ रोजी त्याची राज्यघटना मंजूर झाली आणि २३ जानेवारी १९६३ रोजी ‘मजलिस अल-उम्मा’ म्हणजे राष्ट्रसभेची पहिली निवडणूक झाली. या आरंभकाळात राज्यकर्ते, व्यापारी घराणी आणि अरब राष्ट्रवादी यांच्यात जो संघर्ष उभा राहिला, त्याच्या खुणा कुवेतच्या राजकारणात आजही दिसतात.

पूर्वपीठिका

तेलापूर्वीचे कुवेत हे मोती, खजूर आणि सागरी व्यापारावर जगणारे बंदर होते. कुवेती व्यापाऱ्यांच्या पेढ्या मुंबईत होत्या आणि व्यवहाराचे चलन भारतीय रुपया होते. राज्याच्या खर्चाचा मोठा भार व्यापाऱ्यांनी भरलेल्या जकातीवर असल्यामुळे कारभारात आपला शब्द चालावा, ही त्यांची अपेक्षा स्वाभाविक होती. १९२१ मध्ये हमद अल-सक्र यांच्या नेतृत्वाखाली बारा सदस्यांचे सल्लागार मंडळ स्थापन झाले, पण ते फार काळ टिकले नाही.

खरी कसोटी १९३८ मध्ये लागली. सुमारे दीडशे प्रतिष्ठित कुटुंबांच्या प्रमुखांनी चौदा सदस्यांची मजलिस निवडली आणि तिने पाच कलमांचा मूलभूत कायदा तयार केला. राज्यकर्ते शेख अहमद अल-जाबिर यांचे चुलत भाऊ शेख अब्दुल्ला अल-सालिम हे या मजलिसचे अध्यक्ष होते. महसूल आणि सुरक्षा यांवर कोणाचे नियंत्रण असावे, यावरून वाद विकोपाला गेला. डिसेंबर १९३८ मध्ये ही मजलिस बरखास्त झाली आणि तिच्या जागी आलेली दुसरी मजलिसही मार्च १९३९ मध्ये मोडीत निघाली. त्या संघर्षात रक्तही सांडले. मात्र त्या मजलिसचे अध्यक्षपद भूषविणारे अब्दुल्ला अल-सालिम १९५० मध्ये स्वतः राज्यकर्ते झाले.

घटनेची घडण

स्वातंत्र्यानंतर आठवडाभरातच इराकचे अब्दुल करीम कासिम यांनी कुवेतवर हक्क सांगितला. १ जुलै १९६१ रोजी ब्रिटिश सैन्य उतरले आणि पुढे त्याची जागा अरब लीगच्या फौजांनी घेतली. परकीय दाव्यासमोर राज्याला लोकमान्यतेचा आधार हवा होता. अमीर अब्दुल्ला अल-सालिम यांनी घटनासभेचा मार्ग स्वीकारला, त्यामागे हेही एक कारण होते.

घटनासभेत वीस निर्वाचित सदस्य होते आणि मंत्री पदसिद्ध होते. अध्यक्षपद व्यापारी घराण्यातील अब्दुल्लतीफ अल-घानिम यांच्याकडे, तर उपाध्यक्षपद डॉ. अहमद अल-खतीब यांच्याकडे गेले. १८३ कलमांच्या या घटनेने अमीरपद मुबारक अल-सबाह यांच्या वंशात राखले, पण सार्वभौमत्व राष्ट्राचे असल्याचेही नमूद केले. पन्नास निर्वाचित सदस्यांच्या सभागृहाला कायदे करण्याचा, मंत्र्यांना जाब विचारण्याचा आणि त्यांच्यावर अविश्वास व्यक्त करण्याचा अधिकार मिळाला.

पक्षांबाबत मात्र घटनेने जाणीवपूर्वक मौन पाळले. कलम ४३ संघटना आणि संघ स्थापण्याचे स्वातंत्र्य देते. त्यात ‘पक्ष’ हा शब्द नाही आणि घटनेसोबतचे स्पष्टीकरण पक्षांना सक्तीचेही ठरवत नाही, निषिद्धही ठरवत नाही. असे मौन नवे नव्हते. १७८७ च्या अमेरिकन घटनेतही पक्षांचा उल्लेख नाही. भारतीय घटनेत पक्षांना स्पष्ट स्थान मिळाले ते १९८५ च्या पक्षांतरबंदीच्या दहाव्या परिशिष्टाने.

नेते आणि गट

पहिल्या सभागृहात तीन प्रवाह ठळक होते. पहिला अर्थातच राजघराण्याचा : युवराज सबाह अल-सालिम हे पंतप्रधान होते आणि गृह, परराष्ट्र, संरक्षण ही खाती घराण्यातच राहिली. दुसरा प्रवाह व्यापाऱ्यांचा. १९२१ च्या मंडळाचे प्रमुख हमद अल-सक्र यांचे पुत्र अब्दुलअझीझ अल-सक्र हे राष्ट्रसभेचे पहिले अध्यक्ष झाले. तिसरा प्रवाह अरब राष्ट्रवाद्यांचा. बैरूतच्या अमेरिकन विद्यापीठात वैद्यकशास्त्र शिकताना जॉर्ज हबाश यांच्यासह अरब राष्ट्रवादी चळवळ उभारणारे अल-खतीब हे त्याचे अग्रणी होते. त्यांचे सहकारी जासिम अल-कतामी हे पोलीसप्रमुख होते; १९५६ मध्ये सुएझप्रकरणी निदर्शकांवर बळ वापरण्यास नकार देऊन त्यांनी पद सोडले होते. या गटाची भूमिका ‘अल-तलिया’ हे साप्ताहिक मांडत असे.

अमेरिकेतही पक्षांची पायाभरणी वृत्तपत्रांतूनच झाली. अर्थमंत्री अलेक्झांडर हॅमिल्टन यांच्या बाजूने ‘गॅझेट ऑफ द युनायटेड स्टेट्स’, तर थॉमस जेफरसन यांच्या बाजूने ‘नॅशनल गॅझेट’ लढत होते. दोन्ही नेते वॉशिंग्टन यांच्या एकाच मंत्रिमंडळात होते. कुवेतमध्ये वृत्तपत्राइतकेच महत्त्व ‘दिवानिया’ला आले. घराच्या दिवाणखान्यात भरणाऱ्या या पुरुषांच्या बैठकीत उमेदवार ठरत, मते जुळवली जात आणि सरकारवर टीका होत असे. कलम ४४ ने खासगी बैठकांना पूर्वपरवानगीची अट ठेवलेली नाही. त्यामुळे पक्षकार्यालयाचे काम दिवानियाने केले.

पहिले पेचप्रसंग

डिसेंबर १९६४ मध्ये नवे मंत्रिमंडळ शपथ घेण्यास आले, तेव्हा अनेक सदस्यांनी सभागृहावर बहिष्कार टाकला. मंत्रिपदावर असताना व्यापार-व्यवसाय करण्यास कलम १३१ मनाई करते आणि मंत्रिमंडळात व्यापारी होते, हा त्यांचा आक्षेप होता. अमीरांनी सभागृह विसर्जित केले नाही, मंत्रिमंडळच बदलले. १९६५ च्या आरंभी अल-सक्र यांनी अध्यक्षपद सोडले. त्याच वर्षाच्या अखेरीस वृत्तपत्रे व संघटनांवर निर्बंध आणणाऱ्या कायद्यांच्या निषेधार्थ अल-खतीब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी राजीनामे दिले. नोव्हेंबर १९६५ मध्ये अब्दुल्ला अल-सालिम यांचे निधन झाले होते. १९६७ ची निवडणूक गैरप्रकारांच्या आरोपांनी गाजली आणि निवडून आलेल्या काहींनी जागा सोडल्या.

विरोधकांचा प्रभाव मात्र संपला नाही. १९७१ मध्ये अल-खतीब पुन्हा निवडून आले. कुवेत ऑइल कंपनीत केवळ २५ टक्के भागीदारी घेण्याचा करार सभागृहाच्या विरोधामुळे बारगळला. १९७४ मध्ये ६० टक्के वाटा मिळाला आणि १९७५ मध्ये कंपनी पूर्णपणे राज्याच्या मालकीची झाली.

सत्तांतराचा प्रश्न

जॉन अॅडम्स यांच्या फेडरलिस्ट सरकारने १७९८ मध्ये राजद्रोहाचा कायदा करून विरोधी संपादकांना तुरुंगात टाकले. पण १८०० च्या निवडणुकीत अॅडम्स हरले आणि ४ मार्च १८०१ रोजी जेफरसन यांनी सूत्रे हाती घेतली. कालचा विरोधक आज सरकार होऊ शकतो, हे सिद्ध झाल्यावर पक्षभेदाला राजद्रोह समजण्याचे कारण उरले नाही.

कुवेतच्या घटनेत ही वाट नाही. पंतप्रधानाची नेमणूक अमीर करतात आणि २००३ पर्यंत ते पद युवराजांकडेच असे. मंत्री पदसिद्ध सदस्य म्हणून सभागृहात मतदान करतात. विरोधी गटाने बहुसंख्य जागा जिंकल्या तरी त्याला सरकार बनवता येत नाही. मंत्र्याला घेरता येते, एवढेच. त्यामुळे ‘इस्तिजवाब’, म्हणजे मंत्र्याची सभागृहातील उलटतपासणी, हे विरोधकांचे प्रमुख शस्त्र ठरले आणि विसर्जन हे राज्यकर्त्यांचे प्रत्युत्तर. विसर्जनानंतर दोन महिन्यांत निवडणूक घेण्याचे बंधन कलम १०७ घालते. ऑगस्ट १९७६ आणि जुलै १९८६ मध्ये मात्र ही तरतूदच स्थगित झाली. पहिला खंड १९८१ पर्यंत चालला. दुसरा इराकी आक्रमण आणि मुक्तीनंतर ऑक्टोबर १९९२ च्या निवडणुकीने संपला. १९८९ च्या अखेरीस संसदेच्या पुनःस्थापनेसाठी जी चळवळ झाली, तीही सोमवारच्या दिवानियांतूनच.

मतदारवर्ग दीर्घकाळ पुरुषांपुरताच होता. महिलांना मताधिकार मे २००५ मध्ये मिळाला आणि २००९ मध्ये चार महिला निवडून आल्या.

सद्यःस्थिती

१० मे २०२४ रोजी अमीर मिशाल अल-अहमद यांनी राष्ट्रसभा विसर्जित करून घटनेतील काही कलमे कमाल चार वर्षांसाठी स्थगित केली आणि सभागृहाचे अधिकार अमीर व मंत्रिमंडळाकडे गेले. संसदेतील सततच्या संघर्षामुळे विकास खोळंबतो, ही राज्यकर्त्यांची भूमिका आहे. विरोधी परंपरेचे म्हणणे असे की, ज्या सभागृहाला टीकेचा अधिकार आहे पण सत्तेची जबाबदारी नाही, तेथे संघर्षाखेरीज दुसरे काही उगवणे कठीण. १९६२ च्या घटनाकारांनी पक्षांविषयी पाळलेले मौन हा त्या काळचा समंजस समझोता होता. पक्षभेद मात्र त्या मौनाने थांबले नाहीत. त्यांचा निकाल सत्तांतराने लावण्याची सोय तेवढी राहून गेली.