सुप्याच्या शेतकऱ्यांनी कागद का जाळले?

अर्थकारणात राजकारण आणू नये, बाजाराला त्याचं काम करू द्यावं, हे वाक्य आपण रोज ऐकतो. तरुणपणी आम्हीही ते मोठ्या विश्वासानं उत्तरपत्रिकेत लिहिलेलं आहे. आज ते एका गावात नेऊन तपासू. गाव सुपे, आताच्या बारामती तालुक्यातलं.

१२ मे १८७५. आसपासच्या गावांतले शेतकरी सुप्याच्या बाजारपेठेत जमले आणि सावकारांच्या दुकानांत शिरले. लुटालूट झाली, जाळपोळही झाली. पण मुख्य मागणी एकच होती: वह्या द्या, खतं द्या. हाती आली ती खतं जाळून टाकली. माणसांवर हात मात्र फारसा उचलला नाही. दंगा पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला आणि ९५१ जणांना अटक झाली. आता बघा, उपाशी माणूस धान्य लुटतो हे समजतं. यांना कागद कशाला हवा होता?

सावकार काही इंग्रजांनी आणला नव्हता. पेशवाईतही शेतकरी कर्ज काढतच होता. पण व्याज मुद्दलाच्या वर जाऊ नये, हा दामदुपटीचा दंडक होता, आणि कुणब्याची जमीन बळकावणं सावकाराला सोपं नव्हतं. रयतवारी आली, जमीन खातेदाराच्या नावावर लागली. मालकी मिळाली खरी, पण नावावरची जमीन गहाण टाकता येते, लिलावातही निघते. सावकाराच्या मागे आता दिवाणी कोर्ट उभं राहिलं, आणि कोर्ट एकच विचारी, अंगठा तुझाच ना?

ऋणकोचं भलं व्हावं म्हणून १८५९ मध्ये मुदतीचा कायदा झाला. साधं खत तीन वर्षंच चालणार. सावकारानं काय केलं? दर तीन वर्षांनी नवं खत लिहून घेतलं आणि थकलेलं व्याज मुद्दलात मिळवलं. कायदा दुबळ्यासाठी होता, कामी आला सबळाच्या.

त्यात १८६१ ला अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. तिथला कापूस बंद झाला, इथल्या कापसाचे भाव चढले, सावकार मागेल त्याला पैसा देऊ लागला. १८६५ ला युद्ध संपलं, भाव उतरले, उसनवारी आटली. आणि नेमकी त्याच सुमारास पहिल्या सारापद्धतीची तीस वर्षांची मुदत संपत आली. १८६७ मध्ये इंदापुरापासून फेरआकारणी सुरू झाली आणि सारा भरमसाट वाढला. तेजी ओसरली होती, सारा मात्र वाढीव आणि रोखीतच भरायचा होता.

सरकारनं चौकशी नेमली. अहवालात सरकारी साऱ्यापेक्षा सावकारावरच ठपका आला. पुण्याची सार्वजनिक सभा तर दंग्याच्या आधीपासून साऱ्याविरुद्ध बोलत होती. पुढं १८७९ मध्ये दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा झाला. कोर्टानं खताच्या मागचा खरा व्यवहार तपासावा, असं ठरलं. म्हणजे 'दोघांनी राजीखुशीनं केलेला करार' ही कल्पना पुरेशी नाही, हे खुद्द सरकारनंच कबूल केलं. सावकारांनी यालाही वाट काढली. गहाणखताऐवजी ते थेट खरेदीखत लिहून घेऊ लागले. राजकारण एकदा कायदा करून घरी बसलं, की असं होतं.

आम्ही वर्गात करार-स्वातंत्र्य शिकवत असू, तेव्हा दोन समान माणसं समोरासमोर बसलेली कल्पायचो. सुप्यात तशी ती बसलेली नव्हती. जमीन विकाऊ कुणी केली? साऱ्याची तारीख कुणी ठरवली? अंगठ्याला किंमत कुणी दिली? राजसत्तेनं. बाजार राजकारणाच्या बाहेर नव्हताच, त्याच्याच ओट्यावर मांडलेला होता. म्हणून राजकारण हवं की नको, हा प्रश्न खोटा आहे. ते कुणाच्या बाजूनं आहे, हा खरा प्रश्न. कागदाच्या मागे सरकार उभं आहे, हे अक्षरओळख नसलेल्या शेतकऱ्याला कळलं होतं. आपण तर शिकलेले आहोत. इथं थांबतो.